आंदणाचा रेडिओ आणि त्याचा हिरवा डोळा

वेणूआजी लग्न होऊन नेऱ्याला आली तेव्हा बैलगाडीत आधी रेडिओ चढला, आणि मग जी जागा उरली तिच्यात वेणूआजी. ही गोष्ट तुळशीराम आजोबांनी गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि एकदा तर कोणाच्या तरी तेराव्यालासुद्धा सांगितलेली आहे. सांगताना ते दोन्ही हात असे पसरतात की शेजारी बसलेल्याने आपला चहा सांभाळावा.

पण रेडिओ खरंच तेवढा आहे हां! टेबलावर ठेवायचा नाही, आपल्या चार पायांवर उभा राहणारा. सागवानी कपाटच म्हणा. छातीवर सोनेरी धाग्याचं कापड, पोटात तबकड्या ठेवायला दोन दारांचा कप्पा, वर काचेची पट्टी आणि तिच्यावर मुंबईपासून कोलंबोपर्यंत शहरांची नावं. आणि त्या पट्टीच्या बरोबर मधोमध एक डोळा.

डोळा म्हणजे डोळाच. बटण फिरवलं की काचेमागे गोल हिरवा उजेड हळूहळू उघडायचा, दुपारी झोपलेल्या मांजराने एक पापणी वर करावी तसा. बनवणाऱ्यांनी तो स्टेशन नीट लागलंय का हे कळावं म्हणून बसवला होता. पण हे नव्या नवरीला सांगणार कोण? वेणूआजीने पहिल्याच संध्याकाळी तो डोळा बघितला आणि झटकन पदर डोक्यावर घेतला. ती सवय अजून तशीच. एरवी वेणूआजी म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण. लग्नात धवले गाऊन सगळे विधी तीच लावते, आणि तिचं गाणं चालू असताना सरपंच मध्ये बोलला तर त्यालाही "बस रं खाली" म्हणते. पण ओटीवर रेडिओसमोरून जाताना पदर डोक्यावर आणि नजर खाली.

"आजी, ते मशीन आहे गं," नात कोमल दर सुट्टीत सांगायची.

"मशीन हाय तर बघतंय कशाला?" आजी विचारायची.

आता गंमत अशी की हा रेडिओ कोमलच्या जन्माच्या आधीपासून मुका होता. तबकड्यांच्या कप्प्यात आजीने सुके बोंबील आणि जवळा भरून ठेवला होता. तरी दर दसऱ्याला आजोबा रेडिओला झेंडूचा हार घालायचे, हळदकुंकू लावायचे, प्लग लावून बटण फिरवायचे. आवाज शून्य, पण हिरवा डोळा उघडायचा. "हाय! जिवंत हाय!" आजोबा टाळी वाजवायचे आणि लगेच बंद करायचे. उगाच म्हाताऱ्याला दमवायला नको म्हणून.

तर यंदाच्या मे महिन्यात निशाताईचं लग्न ठरलं. निशाताई म्हणजे कोमलची चुलत बहीण, नेऱ्यालाच राहणारी. नवरा हरेश, उरणकडचा, द्रोणागिरीत गोदामाच्या ऑफिसात नोकरीला. सगळं छान चाललं होतं, आणि एके दिवशी आजोबांनी अख्ख्या गावासमोर, देवळाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "रेडिओ आंदणात आयला, आंदणातच जाणार. माझ्या निशाच्या घरी!"

गावाने टाळ्या वाजवल्या. निशाताईने पण वाजवल्या. आणि मग तिने खांदा कॉलनीत राहणाऱ्या कोमलला फोन लावला, "हळदीला लवकर ये, काम आहे."

इथे कोमलबद्दल थोडं सांगायलाच हवं. कोमल आठवीपर्यंत एवढी लाजाळू होती की हजेरीला "प्रेझेंट मॅम" सुद्धा शेजारणीकडून म्हणवून घ्यायची. मग नववीच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐन वेळी तापाने पडली आणि बाईंनी वैतागून विचारलं, "कोण करेल?" तेव्हा कोणाच्या तरी तोंडून निघालं, "मी करते." कोमलने मागे वळून बघितलं कोण बोललं ते. मागे भिंत होती! तीच बोलली होती! तिने सूत्रसंचालन केलं, लोक हसायला हवे तिथे हसले, आणि तेव्हापासून "मी करते" हे दोन शब्द तिच्या जिभेवर असे बसले की उठायलाच तयार नव्हते. पंखा आवाज करतोय? मी करते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायचंय? मी करते. एकदा मिक्सर बंद पडला तेव्हाही ती म्हणाली, मी करते, आणि प्लग नीट दाबला. झालं! घरात ती इंजिनीअर.

हळदीच्या दिवशी दुपारी निशाताई तिला आतल्या खोलीत घेऊन बसली. एका हाताची नखं रंगवून झालेली, दुसऱ्या हाताची पुसून परत रंगवायची होती, कारण रंग "हळदीवर जात नाही" असं तिला आत्ता कळलं होतं.

"कोमल, मी मेले."

"आज नको. आज हळद आहे."

"मस्करी नको गो! फ्लॅट बघितलायस ना तू आमचा? सातवा मजला. हॉल केवढा? एक सोफा ठेवला की पाहुण्याने हात वर करून आत यायचं. हरेश टेप घेऊन बसला होता मापायला. बोलतो, रेडिओ आत आला तर आपल्यातलं एक माणूस गॅलरीत झोपणार. आणि तो कोण ते त्याने सांगितलं नाय!"

"मग आजोबांना सांग ना सरळ."

"मी? तू सांग!"

सांगणार कोण? शेजाऱ्यांनी म्हैस विकली तेव्हा आजोबा टेम्पोमागे वेशीपर्यंत रडत गेले होते, आणि ती म्हैस त्यांची नव्हती.

"आणि त्यात बोंबलांचा वास," निशाताई म्हणाली. "सासू बोलेल, पोरीने माहेरून काय आणलं? कपाटभर वास."

"पण ताई, मुका रेडिओ देतायत कसे ते? बंद वस्तू आंदणात देत नाहीत ना?"

"नाय देत. पण त्यांचं म्हणणं, डोळा उघडतो म्हणजे जिवंत. आज हळदीत उष्टी हळद घेऊन मुलाकडची येणार, त्यांच्यासमोर डोळा उघडून दाखवणार आहेत. डोळा उघडला की संपलं. उद्या लग्न लागलं की टेम्पोत पहिला रेडिओ, मग जागा उरली तर मी."

कोमलचे डोळे चमकले. "आणि डोळा उघडलाच नाही तर?"

निशाताईने रंगवलेला हात हवेतच धरला. "तर आजोबा देणारच नाय. त्यांचाच नियम."

"मी करते," कोमल म्हणाली.

जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते. मांडवात कल्पेश, म्हणजे मांडव आणि लायटिंगवाला, गळ्यात दिव्यांच्या माळा घालून खुर्चीत घोरत होता, शंकराच्या पिंडीसारखा सजून. कोमल पाय न वाजवता ओटीवर आली. रेडिओचा प्लग काढलेलाच होता, तरी तिने दोनदा बघितलं. मिक्सर शिकवतो माणसाला! मग रेडिओ थोडा पुढे ओढून ती मागे शिरली.

मागचा पुठ्ठा कधीच निघालेला. आत बघते तर काय, काचेचे दिवेच दिवे! उभे, लांबट, डोक्यावर चंदेरी झाक असलेले, खाली टाचण्यांसारखे पाय.

आता यातला डोळ्याचा दिवा कुठला? कोमलला काय माहीत! तिने ठरवलं, सगळेच काढायचे. हलवत हलवत एकेक उपटला आणि ओढणीत ठेवला. शेवटी पुढच्या काचेमागे, वायरला लटकलेला एक दिवा दिसला. त्याचं तोंड गोल आणि आत हिरवट भुकटी. डोळा! हाच तो मेला! तिने तो वायरीच्या टोपणातून उपटला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला.

मग बाकीच्यांचं काय? बाकीचे चोरायचं काहीच कारण नव्हतं. शिवाय आजोबा संध्याकाळी मागून फडकं मारणार, रिकामी भोकं बघितली तर बोंब. तेव्हा ते परत लावायचे. पण कोमलच्या आईचा एक दंडक होता: दुसऱ्याच्या घरची वस्तू परत करताना पुसून करायची. शेजारची वाटी असो नाहीतर कढई. आणि त्या दिव्यांचे पाय तर काळेकुट्ट झाले होते. कोमल आत गेली, निशाताईची नखांचा रंग पुसायची बाटली आणि कापूस घेऊन आली, आणि ओटीवर मांडी घालून एकेका दिव्याचे पाय घासून घासून चकचकीत केले. कापूस काळा, पाय चांदीसारखे. भोकांतसुद्धा उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून फिरवला. काचेवरची धूळ पुसली. एकेकाच्या पायांची ठेवण निराळी, त्यामुळे जो जिथे बसला तिथेच तो. पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी, खिशातला डोळा सोडून.

"झालं?" दारातून निशाताईने खुणेने विचारलं.

कोमलने अंगठा वर केला. गुन्हा एवढा स्वच्छ कोणी केला नसेल!

संध्याकाळी मांडव भरला. मुलाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या. म्हणजे नवऱ्याला लावून उरलेली हळद, तीच नवरीला लावायची. त्यांच्या पुढे हरेशची आई मनिषाताई. खरं तर तिने यायचं नसतं, पण साखरपुड्यापासून तिला प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सवय. एका हातात हळदीची वाटी आणि दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये व्हिडिओ कॉलवर हरेश, तोंडभर हळद, दात काढून हसतोय.

ओटीवरून रेडिओ उचलून मांडवात आणला होता. झेंडूचा हार, कपाळी हळदकुंकू, पायाशी नारळ. निशाताई पाटावर, रेडिओ तिच्या शेजारी. नवरा नवरीचा फोटो काढायला पोरांनी मोबाईल वर केले आणि मग खाली घेतले, काहीतरी चुकतंय असं वाटून.

"ऐका," आजोबांनी हात वर केला. "साठ वर्सांपूर्वी बैलगाडीत आधी रेडिओ चरला..."

"आन मग मी," वेणूआजी म्हणाली. "पुढं बोला. हलद सुकतेय."

आजोबांनी घसा खाकरला. "आंदण जिवंत द्यावं, असा आपला रिवाज. कल्पेश, प्लग लाव."

कल्पेशने प्लग लावला. आजोबांनी दोन बोटांनी बटण फिरवलं. खट्ट.

सगळा मांडव त्या काचेकडे बघत होता. वेणूआजीने सवयीने पदर डोक्यावर घेतला.

डोळा उघडला नाही.

आजोबांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. मागे जाऊन थोपटलं. पुढे येऊन काचेवर हलकेच टिचकी मारली, जसं झोपलेल्या पोराच्या गालावर मारतात. काही नाही. मग त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत न घालता हातातच धरून ते खुर्चीत बसले. एकदम लहान दिसायला लागले.

"गेला," ते म्हणाले.

निशाताईने पदराआडून शेजारी बसलेल्या कोमलचा हात दाबला. जिंकलो! पण कोमलला जिंकल्यासारखं वाटेना. खिशातला डोळा एकदम नारळाएवढा जड झाला. तिला वाटलं आत्ताच्या आत्ता उठावं आणि म्हणावं, मी करते. पण करणार काय? डोळा लावला तर रेडिओ सातव्या मजल्यावर, नाही लावला तर आजोबा असे.

"असू दे," वेणूआजी म्हणाली. डोळा मिटलेला होता, मग लाजायचं कोणाला? तिने पदर खांद्यावर टाकला, उघड्या डोक्याने रेडिओकडे पाठ करून उभी राहिली आणि धवला सुरू केला. तिचा आवाज म्हणजे काय सांगू, लांबचे कुत्रे सुद्धा बसून ऐकतात. बाया हळद लावायला लागल्या. कार्यक्रम चालू झाला.

आणि रेडिओ बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा वास आला. मनिषाताईने नाक वर केलं. मग तिच्या शेजारणीने. मग रांगेने सगळ्यांनी. "कोणी बोंबील भाजतंय का?" कोणीतरी हळूच विचारलं. घरची मनी मांजर कुठून तरी आली, सरळ रेडिओवर चढली आणि त्याच्या गरम होत चाललेल्या छपरावर पसरली.

मग एक गुरगुर. सगळ्यांना वाटलं, मनी. मग एक शिट्टी, बारीक, वर वर चढणारी. कल्पेश घाबरून आपल्या स्पीकरकडे धावला. "माझा नाय! माझा बंद हाय!"

आणि मग, आजोबांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेल्या त्या बटणाने, इतक्या वर्षांचं साठवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर सोडलं.

"...शेतकरी बंधूंनो, बोकड निवडताना नुसत्या रूपावर भुलू नये!"

मनी जी उडाली ती थेट कल्पेशच्या गळ्यातल्या माळांत. मांडवाचे खांब थरथरले. एका काकूंच्या हातची हळद तिसऱ्याच काकूंच्या चष्म्यावर. पण वेणूआजी? वेणूआजी थांबली नाही! तिच्यावर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. तिने डोळे बारीक केले आणि पट्टी वर नेली.

"बोकडाचे दात बघावेत," रेडिओ गरजला.

फोनमधल्या हरेशने पटकन तोंड मिटलं.

"पाठ सरळ असावी. चालताना लंगडतो का, तेही नीट तपासून घ्यावं."

"हरेश, ताठ बस," मनिषाताईच्या तोंडून निघून गेलं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोकड घेण्याआधी त्याची आई बघावी!"

अख्ख्या मांडवाने मनिषाताईकडे बघितलं. बघायचं नव्हतं हो कोणाला. मान आपोआप वळली.

"माझ्याकरं काय बघता?" मनिषाताई म्हणाली.

"आई स्वभावाने शांत आहे का? खाण्याच्या बाबतीत कुरकुर करते का?"

निशाताईने हळदीचे दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे खांदे हलत होते. मुलाकडच्या बाया धास्तावलेल्या, की आता आपली मनिषा चप्पल पायात घालते का रेडिओला हाणते. आणि मनिषाताई आधी लाल झाली, मग तिच्या पोटातून काहीतरी वर वर आलं आणि ती अशी हसली, अशी हसली की फोन हातातून निसटला आणि हरेश हळदीच्या वाटीत पडला.

"अगो बय!" ती डोळे पुसत म्हणाली. "बोकराची येवढी चौकशी? अरे, तुमच्या लोकांनी साखरपुऱ्याला आमची याच्या दुप्पट केली होती!"

झालं. मांडव फुटला. माणसं खुर्च्यांवरून घरंगळली. एकटी वेणूआजी गंभीर. ती उघड्या डोक्याने रेडिओसमोर जाऊन उभी राहिली, कंबरेवर हात. "ए! माझ्या धवल्याच्या वर आवाज काढतंस? कोण तू?"

"आपण वेळात वेळ काढून इथे आलात, त्याबद्दल धन्यवाद," रेडिओ नम्रपणे म्हणाला.

"मंग हरकत नाय," आजी म्हणाली.

आणि तुळशीराम आजोबा! ते कधी उठले कोणाला कळलं नाही. रेडिओच्या कपाटाला मिठी मारून, कान त्या सोनेरी कापडाला लावून उभे होते. गालावर झेंडूचा हार रुतलेला. "बोलतंय," ते प्रत्येकाला सांगत होते, जसं काही आवाज फक्त त्यांनाच येत होता. "अरे, बोलतंय!"

निशाताईचं हसू मात्र एकदम थांबलं. तिने कोमलकडे बघितलं. कोमलने तिच्याकडे. रेडिओ आता नुसता जिवंत नव्हता, तो चर्चासत्र घेत होता! असला रेडिओ तर आंदणात वाजत गाजत जाणार.

"मंग काय तुलशीराम," मुलाकडचे एक म्हातारे म्हणाले, "उद्या टेम्पोत जागा करून ठेवतो. असलं आंदण आमच्या उरणात कोणी बघितलं नसंल."

आजोबांनी कान कापडावरून काढला. टेम्पोकडे बघितलं, जो मांडवाबाहेर उभा होता. रेडिओकडे बघितलं. म्हशीच्या वेळी दिसला होता तोच चेहरा. मुका रेडिओ द्यायला त्यांना काय जात होतं? पण बोलणारा? दिलेला शब्द एकीकडे आणि बोलणारा रेडिओ एकीकडे, आणि मध्ये बिचारे आजोबा.

मग त्यांची नजर त्या काचेवर गेली. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. आणि सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावर टोपी घातल्यासारखा रुबाब परत आला होता.

"पन डोला नाय उघडला," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"डोला उघडला तर जिवंत. तुमच्यासमोर बोललो की नाय? डोला मिटलाय याचा."

"पन बोलतंय की!"

"झोपेत बोलतंय."

आणि मग त्या मांडवात अशी चर्चा पेटली की हळद बाजूलाच राहिली. डोळा मिटलेला आणि तोंड चालू, याला जिवंत म्हणायचं की नाही? कल्पेश म्हणाला जिवंत, कारण करंट खातोय. एक काकू म्हणाल्या नाही, आमचे हे रोज दुपारी डोळे मिटून बडबडतात, त्यांना मी जिवंत धरत नाही. मुलाकडचे म्हातारे म्हणाले आवाज हाच पुरावा. आजोबा म्हणाले, नियम म्हणजे नियम, तुळशीराम भोपी अर्धं जिवंत आंदण देणार नाही, लोक काय म्हणतील? आणि हे म्हणताना त्यांनी रेडिओचा पाय असा धरून ठेवला होता की सोडवायला क्रेन लागली असती.

शेवटी सगळ्यांनी वेणूआजीकडे बघितलं. विधीत तिचा शब्द शेवटचा.

"आंदण कोणाच्या बापानं दिलं होतं?" आजीने विचारलं.

"तुझ्या," आजोबा म्हणाले.

"मंग माझा हाय तो. मना कोणी विचारलं का? याने माझा धवला मोरला, त्याचं उत्तर दिल्याबिगर मी याला घरातून सोरनार नाय. उद्या परत याच वेलेला बोलूंदे, मी बघून घेते."

"ऐकलंत?" आजोबा एवढ्या आनंदाने ओरडले की रेडिओसुद्धा दबला. "बायकोचा शब्द! माझा इलाज नाय!"

निशाताईने एवढा मोठा श्वास सोडला की कपाळावरची मुंडावळी हलली असती, बांधलेली असती तर.

आता हे सगळं झालं कसं? कोमलचे बाबा कामामुळे खांदा कॉलनीतच अडकले होते, त्यांनी रात्री फोनवर सांगितलं तेव्हा तिला कळलं. ते दिवे दिवे नव्हतेच. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, जुना रेडिओ त्यांच्यावरच बोलतो, आणि ते तापेपर्यंत थांबावं लागतं. आजोबा तर दर दसऱ्याला डोळा उघडला की लगेच बंद करायचे! आणि पाय काळे पडले की वीज नीट पोचत नाही. कोमलने त्याला मारायला जाऊन बरा केला होता. नखांचा रंग पुसायच्या बाटलीने!

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीला सगळे रडले. आजोबा टेम्पोमागे वेशीपर्यंत गेले, पण टेम्पोत रेडिओ नाही हे आठवून मध्येच हसायचे, मग निशा आहे हे आठवून परत रडायचे.

घरी आल्यावर ते ओटीवर रेडिओसमोर बसले, कोमलला शेजारी बसवलं आणि तिच्यापुढे तळहात पसरला.

"आन आता," ते म्हणाले.

"काय आजोबा?"

"डोला."

कोमलचे कान गरम झाले. "तुम्हाला... तुम्हाला कधी कळलं?"

"हलदीला वाकून बघितला ना मी. जागा रिकामी होती. आन तुझा खिसा फुगलेला." आजोबा मिशीत हसले. "बरं झालं नेलास. नायतर मी काय करनार होतो गो?"

कोमलने आत जाऊन कालच्या कुर्त्याच्या खिशातून डोळा आणला, अर्थातच त्याचे पाय पुसले, आणि तो वायरीच्या टोपणात बसवला. प्लग, बटण, खट्ट. यावेळी कोणी घाई केली नाही. हिरवा उजेड गोल गोल उघडत गेला. वेणूआजी नेमकी तेव्हाच परात घेऊन आली, दचकली, परात आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि पदर डोक्यावर ओढला.

"उठला का मेला," ती पदराआडून म्हणाली, आणि घसा साफ करायला लागली.

एवढ्यात कोमलचा फोन वाजला. निशाताई.

"कोमल! खाली सोसायटीच्या गेटवर एक टेम्पो आलाय. वॉचमन हरेशला विचारतोय, बोकड लिफ्टमधून न्यायचा की जिन्याने. कोणाचा बोकड? आम्ही कुठे बोकड मागवलाय?"

कोमलने फोन कानापासून लांब धरला आणि आजोबांकडे बघितलं. आजोबा स्टेशन लावण्यात एकदम गढून गेले होते.

"आजोबा?"

"पोरीला मोकल्या हातानं पाठवायची व्हय?" ते काचेवरून नजर न काढता म्हणाले. "जिवंत आंदण हाय. डोले दोन्ही उघडतात. पाठ सरल हाय, दात मी सोता बघितले. आन त्याची आई तर काय शांत, काय शांत! तिला सांग, काय लागलं तर कोमल येऊन करंल."